चाळीस अंशांच्या खोलीत

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ला क्रॉस इथल्या संशोधकांनी २०१५ मध्ये वीस जणांना एकेक कॅप्सूल गिळायला दिली. कॅप्सूलमध्ये औषध नव्हतं, तापमान मोजणारा इवलासा सेन्सर होता. आतड्यांतून पुढे सरकताना तो शरीराच्या आतलं तापमान बाहेरच्या यंत्राला कळवत राहणार होता. हे वीस जण नवखे नव्हते, सगळे नेमाने हॉट योगा करणारे होते. छातीला ठोके मोजणारा पट्टा बांधून ते नेहमीच्या वर्गात उभे राहिले. खोलीचं तापमान सुमारे ४०.५ अंश सेल्सिअस, आर्द्रता ४० टक्के आणि वेळ दीड तास. वर्ग संपला तेव्हा पुरुषांच्या शरीराचं आतलं तापमान सरासरी १०३.२ अंश फॅरनहाइटपर्यंत चढलं होतं, स्त्रियांचं १०२ पर्यंत. एका व्यक्तीचं तर १०४ च्याही वर गेलं होतं. उष्माघाताचं निदान करताना डॉक्टर जी रेषा डोळ्यांसमोर ठेवतात, ती हीच.

हे आकडे वाचून कुणी हॉट योगा सोडावा, असं इथे सुचवायचं नाही. मात्र त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. या प्रकारात आसनं हा व्यायामाचा एक भाग आणि खोलीची उष्णता हा दुसरा. उष्णता हा भार आहे, तो दर वेळी शरीरावर चढतो आणि कुठल्याही भारासारखा तो मोजूनमापूनच घ्यायला हवा. वर्षानुवर्षं टिकणारे साधक आणि तीन महिन्यांत गळणारे साधक यांच्यातला फरक बहुतेक वेळा लवचिकतेचा किंवा जिद्दीचा नसतो. आज हा भार किती घ्यायचा, हे ज्याला ठरवता येतं तो टिकतो.

या पद्धतीचं मूळ कलकत्त्यात आहे, उष्णता मात्र तिला मागाहून येऊन मिळाली. परमहंस योगानंद यांचे धाकटे भाऊ बिष्णुचरण घोष यांनी १९२३ मध्ये कलकत्त्यात व्यायामशिक्षणाची संस्था काढली. ते स्वतः शरीरसौष्ठवातले नावाजलेले. वजनं उचलणं, स्नायूंवरचा ताबा आणि आसनं हे सगळं त्यांच्याकडे एकाच छपराखाली शिकवलं जाई. संस्थेत येणाऱ्या माणसाची तक्रार ऐकून त्याच्यापुरती आसनांची यादी लिहून द्यायची, ही तिथली पद्धत होती. कुणाला पाठीसाठी, कुणाला पोटासाठी. घोष यांचे शिष्य बिक्रम चौधरी १९७० च्या दशकात अमेरिकेत गेले. जपानमध्ये शिकवताना हिवाळ्यात खोलीत हीटर लावले आणि तिथून उष्णता आली, असं त्यांचं सांगणं. त्यांनी सर्वांसाठी एकच क्रम बांधला, २६ आसनं आणि दोन श्वसनप्रकार, दीड तासाचा. १९७८ मध्ये त्याचं पुस्तक निघालं आणि पुढच्या काही दशकांत हा क्रम जगभर पसरला.

सगळ्यांना एकच क्रम दिला की शिकवणं सोपं होतं आणि पद्धत झपाट्याने वाढते. पण घोष यांच्या यादीत जो ‘हा माणूस’ होता, तो त्यात हरवला. या प्रकरणात पुढे येणाऱ्या बहुतेक अडचणींचं मूळ तिथे आहे.

चौधरी यांचं पुढे काय झालं, हे वगळून हा विषय मांडणं प्रामाणिकपणाचं ठरणार नाही. २०१३ पासून अनेक स्त्रियांनी त्यांच्यावर लैंगिक अत्याचाराचे आरोप करत दावे दाखल केले. त्यांनी ते नाकारले. २०१६ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या ज्युरीने त्यांच्या माजी कायदा सल्लागार महिलेच्या बाजूने कौल देत त्यांना लाखो डॉलर भरपाई द्यायला सांगितलं, आणि २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध अटक वॉरंट काढलं. तोवर त्यांनी अमेरिका सोडली होती. अनेक स्टुडिओंनी पाट्यांवरून त्यांचं नाव उतरवलं. आज तोच वर्ग ‘हॉट योगा’ किंवा ‘सव्वीस आणि दोन’ या नावाने चालतो.

या क्रमावर मालकी सांगण्याचा त्यांचा प्रयत्नही फसला. आसनांच्या ठरावीक क्रमावर कॉपीराइट मिळू शकत नाही, असा निकाल अमेरिकेच्या नवव्या सर्किट अपील न्यायालयाने २०१५ मध्ये दिला. भारतात या प्रश्नाची तयारी त्याआधीच सुरू झाली होती. डॉ. रघुनाथ माशेलकर वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे (सीएसआयआर) महासंचालक असताना पारंपरिक ज्ञानाची डिजिटल ग्रंथसूची उभी राहू लागली. हळदीच्या पेटंटची लढाई जिंकलेल्या याच संस्थेच्या या सूचीत पुढे आसनांचीही नोंद झाली, ती असल्या दाव्यांना उत्तर म्हणून.

आता वर्गात शिरू. एका भिंतीवर आरसा. दारं-खिडक्या बंद, पंखा नाही. मॅटवर मोठा टॉवेल, कारण तो नसेल तर दहाव्या मिनिटाला पाय घसरू लागतात. शिक्षक स्वतः आसन करत नाही, सूचना देत राहतो. उभ्याने श्वसन, अर्धचंद्रासन, उत्कटासन, गरुडासन, आणि मग पाणी प्यायची पहिली मुभा. अमेरिकेतल्या स्टुडिओंत या क्षणाला ‘पार्टी टाइम’ म्हणतात. पहिला अर्धा भाग उभ्याचा, त्यात एका पायावर तोल सांभाळायची आसनं लागोपाठ येतात. मग दोन मिनिटं शवासन, आणि पुढचं सगळं जमिनीवर. नवखा माणूस या टप्प्यावर सुटलो म्हणतो. पण खरी परीक्षा पुढे असते, उष्ट्रासनात. गुडघ्यांवर उभं राहून हात टाचांवर टेकवत मागे वाकायचं, आणि तेवढ्यात डोळ्यांपुढे अंधारी येते, मळमळतं, क्वचित रडूही फुटतं.

काही शिक्षक या अनुभवाला मनात साठलेल्या गोष्टी बाहेर पडण्याशी जोडतात. रक्ताभिसरणाचं स्पष्टीकरण साधं आहे. तासाभराच्या उष्णतेने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात, घामावाटे पाणी गेल्याने रक्ताचं आकारमान घटलेलं असतं, आणि अशा वेळी आडवं पडलेलं शरीर एकदम उभारून मागे वाकवलं की मेंदूला रक्त पोहोचवणारा दाब क्षणभर घसरतो. म्हणून उष्ट्रासनाआधी दोन श्वास नुसतं गुडघ्यांवर थांबावं, हात कमरेवर ठेवून अर्धंच वाकावं आणि बाहेर येताना डोकं सर्वांत शेवटी वर आणावं. अंधारी आली तर मॅटवर आडवं व्हावं. त्यात काही गमावत नाही.

शरीर थंड ठेवण्याचं काम कसं चालतं, ते कळलं की बाकीच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. कातडीचं तापमान साधारण ३३ ते ३५ अंश असतं. खोली त्याहून गार असेल तर उष्णता शरीरातून बाहेर जाते. खोली ४० अंशांवर गेली की प्रवाह उलटतो आणि बाहेरची उष्णता शरीरात येऊ लागते. मग उरतो एकच मार्ग, घामाचं बाष्पीभवन. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. अट ही, की तो वाळला पाहिजे. ओघळून टॉवेलवर पडलेला घाम पाणी आणि मीठ घेऊन जातो, उष्णता जवळजवळ नेत नाही. वैशाखात विदर्भातल्या घरी माठातलं पाणी गारेगार होतं आणि तोच माठ मुंबईत आणला तर पाणी जेमतेम निवतं. माठ तोच असतो, हवा बदललेली असते. हॉट योगाच्या खोलीत नागपूरचं तापमान असतं आणि वर्ग पुढे सरकतो तशी हवा मुंबईकडे झुकत जाते, कारण वीस-पंचवीस माणसांचा घाम त्याच बंद हवेत मिसळत असतो.

यावरून स्टुडिओ निवडताना काय विचारायचं, तेही कळतं. तापमान किती, हे सगळेच विचारतात. आर्द्रता किती, ती मोजणारं यंत्र भिंतीवर आहे का, आणि ताजी हवा आत येण्याची सोय काय, हे विचारणारे थोडे. दार मिनिटभर उघडलं तर वर्ग बिघडेल, असं म्हणणाऱ्या शिक्षकापेक्षा स्वतःहून दार उघडणारा शिक्षक केव्हाही बरा.

लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन केलं आणि योगक्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो हे यंत्रांनी मोजायला सुरुवात केली. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून ते प्रयोग छापून येत. योगाचा दावा प्रयोगाने तपासायचा, ही शिस्त महाराष्ट्राच्या मातीत शंभर वर्षं मुरलेली आहे. हॉट योगाच्या दाव्यांनाही ती लावली पाहिजे.

कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात ब्रायन ट्रेसी यांनी निरोगी तरुण माणसांना आठ आठवड्यांत असे २४ वर्ग करायला लावले. खांदे, कंबर आणि मांडीच्या मागचे स्नायू अधिक लवचिक झाले, वजन उचलण्याची ताकद वाढली, चरबी किंचित घटली. हृदय-फुप्फुसांची क्षमता मात्र होती तिथेच राहिली. त्यांनीच पुढे मोजलं, तेव्हा दीड तासाच्या वर्गात पुरुषांच्या सुमारे ४६० आणि स्त्रियांच्या सुमारे ३३० कॅलरी खर्च झाल्याचं दिसलं. झपझप चालण्याइतकाच हा खर्च. तरी साधकाला तो हजाराच्या घरातला वाटतो, कारण छाती धडधडत असते. पण धडधडीचा मोठा हिस्सा कातडीकडे रक्त पोहोचवण्यासाठी असतो, स्नायूंच्या कामासाठी नव्हे. त्यामुळे आठवड्यातून चार दिवस हॉट योगा करणाऱ्यानेही चालणं, पोहणं किंवा सायकल सोडू नये. वर्गानंतर काट्यावर कमी भरलेला किलो हा पाण्याचा किलो असतो आणि तो रात्रीपर्यंत परत यायलाच हवा.

याहून महत्त्वाचा प्रयोग टेक्सास स्टेट विद्यापीठातल्या स्टेसी हंटर यांचा, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला. चाळीस ते साठ वयाच्या, बैठं काम करणाऱ्या माणसांचे गट केले. एका गटाने बारा आठवडे, आठवड्यातून तीनदा, ४०.५ अंशांत हा क्रम केला. दुसऱ्याने हाच क्रम, तितकेच वर्ग, पण २३ अंशांच्या साध्या खोलीत. रक्तवाहिन्यांची प्रसरण पावण्याची क्षमता, जी हृदयविकाराच्या धोक्याशी जोडलेली असते, दोन्ही गटांत सुधारली. म्हणजे रक्तवाहिन्यांना जे मिळालं ते आसनांनी दिलं, त्यासाठी हीटर लागला नाही.

ही बातमी हॉट योगाच्या विरोधातली नाही, उलट साधकाला मोकळं करणारी आहे. अंगात कणकण आहे, रात्री झोप झाली नाही, बाहेर मे महिना आहे, अशा दिवशी घरच्या हॉलमध्ये तीच आसनं साध्या तापमानात केली तरी सराव बुडत नाही. खोली ३५ अंशांवर आणली, वर्ग एका तासाचा केला, तरीही नाही. ला क्रॉसच्या अभ्यासानंतर वेळ आणि तापमान कमी करण्याचीच शिफारस झाली होती, कारण शरीराचं तापमान वर्ग संपेपर्यंत चढतच राहिलं होतं.

घामावाटे विषद्रव्यं बाहेर पडतात, ही समजूत इथेच सोडून द्यावी. घाम जवळजवळ सगळा पाणी असतो, उरलेल्यात मुख्यतः मीठ. शरीर स्वच्छ ठेवण्याचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, आणि पाणी कमी पडलं तर मूत्रपिंडांचं काम अवघडच होतं.

पाण्याचा हिशेब घरच्या काट्यावर होतो. वर्गाआधी आणि वर्गानंतर, अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करायचं. जितके ग्रॅम कमी तितके मिलिलिटर तूट, त्यात वर्गात प्यायलेलं पाणी मिळवलं की एकूण घाम कळतो. साठ किलोच्या माणसाची तूट सव्वा किलोच्या आसपास गेली, म्हणजे वजनाच्या दोन टक्क्यांवर, तर पुढच्या वेळी आधीपासून अधिक प्यायला हवं. आठ-दहा वर्गांत स्वतःचा आकडा पाठ होतो. तो प्रत्येकाचा वेगळा असतो, म्हणून ‘रोज अमुक लिटर’ अशा सूचनांना फारसा अर्थ नाही.

आणि जास्त पाणी हेही संकटच. वैद्यकीय नियतकालिकात नोंदलेल्या एका प्रकरणात एका निरोगी तरुणीला हॉट योगानंतर भरपूर साधं पाणी प्यायल्यामुळे झटके आले, कारण रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीखाली उतरलं होतं. लिटरभर घामातून साधारण एक ग्रॅम सोडियम जातं, कुणाचं त्याच्या दुप्पटही. टॉवेल वाळल्यावर त्यावर पांढरे नकाशे उमटत असतील तर आपण मीठ जास्त गमावणाऱ्यांपैकी आहोत, हे ओळखावं. महागडी पेयं लागत नाहीत. मीठ घातलेलं ताक, कोकम सरबत, लिंबाचं सरबत, मीठ आणि तूप घातलेली भाताची पेज, यांतलं काहीही चालतं. रक्तदाबासाठी मीठ कमी करायला सांगितलेल्यांनी मात्र हे डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. मीठ-साखर-पाण्याच्या द्रावणाची ताकद जगाला मोठ्या प्रमाणावर दिसली तीही बंगालमध्येच. १९७१ मध्ये डॉ. दिलीप महालनबिस यांनी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याच्या रुग्णांना ते पाजून असंख्य जीव वाचवले. हॉट योगाची मुळं शोधायला कलकत्त्याला जाणाऱ्या साधकाने ही गोष्टही तिथून घेऊन यावी.

शरीर उष्णतेला सरावतं, हे खरं आहे आणि मोठं विलक्षण आहे. सात ते चौदा दिवस रोज उष्णतेत काम केलं की रक्तातल्या द्रवाचं प्रमाण वाढतं, घाम लवकर सुटू लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, आणि त्याच कामाला हृदयाचे ठोके कमी पडतात. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत हे १९३० च्या दशकातच लक्षात आलं होतं. जमिनीखालच्या दमट उष्णतेत नवे मजूर कोसळून मरत, म्हणून त्यांना आधी सरावाचे दिवस द्यायची पद्धत पडली. आज अमेरिकेची ‘नायॉश’ ही सरकारी संस्था कामगारांसाठी स्पष्ट प्रमाण सांगते. नवख्याने पहिल्या दिवशी उष्णतेतल्या कामाचा फक्त २० टक्के भाग करावा आणि रोज २० टक्क्यांहून जास्त वाढवू नये.

हॉट योगाच्या पहिल्या वर्गात मात्र नवख्याला नेमकं उलटं सांगितलं जातं: काही झालं तरी खोलीबाहेर जाऊ नका. पैसे मोजून येणाऱ्या माणसाला खाणीतल्या मजुराइतकीही सवलत नसावी, हे पटण्यासारखं नाही. पंधराव्या शतकातल्या स्वात्मारामांच्या ‘हठयोगप्रदीपिके’त तर साधनेच्या सुरुवातीच्या काळात अग्नीच्या सान्निध्यात राहणं टाळायला सांगितलं आहे. पहिल्या वर्गात दारापाशी मॅट टाकावी, वीस मिनिटं आसनं करून उरलेला वेळ बसून पाहावं किंवा सरळ बाहेर यावं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्गात थोडं अधिक. पहिले दोन आठवडे एवढंच काम.

सातशे हॉट योगा साधकांच्या एका अमेरिकी पाहणीत निम्म्याहून अधिकांनी चक्कर किंवा डोकं हलकं झाल्याचा अनुभव सांगितला, आणि साधारण तिघांत एकाने मळमळ. हेच लोक फायदेही भरभरून सांगत होते. अशा माणसांना घाबरवण्याची गरज नसते. त्यांना फक्त परवानगी हवी असते: बसायची, पाणी प्यायची, बाहेर जायची.

लवचिकतेबद्दल एक सावधगिरी. उबेत स्नायू सैलावतात आणि ताणाची जाणीव बोथट होते, त्यामुळे थंड खोलीत जिथे थांबलो असतो त्याच्या पुढे सहज जातो. मांडीच्या मागचा स्नायू बसण्याच्या हाडाला जिथे चिकटतो, तिथली बारीक, खोलवरची दुखापत नेमाने योग करणाऱ्यांत ओळखीची आहे. बरी व्हायला ती महिने घेते. बसल्यावर दुखणारी जागा ‘उघडतेय’ असं समजून तिच्यावर आणखी ताण देणं हा हमखास चुकीचा उपाय. गुडघा ‘लॉक’ करण्याच्या सूचनेचंही तसंच. ज्यांचा गुडघा मुळातच मागे वाकतो त्यांनी तो सरळ रेषेत, मांडी आवळून ठेवावा, मागे ढकलू नये.

आता उमेदीचं. स्टुडिओंची आवडती युक्ती म्हणजे ‘तीस दिवसांचं आव्हान’. भिंतीवर तक्ता, नावांपुढे रोज एक चांदणी. यातून गंमत येते, ओळखी होतात, आणि काही माणसं खरोखर त्यातूनच या वाटेला लागतात. पण चांदणी चुकू नये म्हणून तापाचं अंग घेऊन वर्गात येणारा माणूसही हाच तक्ता तयार करतो, आणि एकतिसाव्या दिवसानंतर न दिसणाराही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा मागोवा घेतला, तेव्हा सवय अंगवळणी पडायला, मध्यक काढला तर, ६६ दिवस लागतात असं दिसलं, पण कुणाला १८ दिवस पुरतील तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फरक पडला नाही, हे याच अभ्यासातलं सर्वांत उपयोगी वाक्य. तक्त्यावरची रिकामी चौकट पाहून सगळंच सोडून देणाऱ्यांना कुणीतरी ते वाचून दाखवायला हवं.

दुसरा अभ्यास ब्रिटनमधल्या विद्यार्थ्यांचा, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला. एका गटाला व्यायामाचे फायदे पटवून सांगितले. त्यांच्यापैकी ३५ टक्क्यांनी पुढच्या आठवड्यात व्यायाम केला. काहीच न सांगितलेल्यांचं प्रमाण ३८ टक्के, म्हणजे प्रबोधनाने काही साधलं नाही. तिसऱ्या गटाला तेच ऐकवून शिवाय एक ओळ लिहून घ्यायला लावली: कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे. त्यांच्यातल्या ९१ टक्क्यांनी व्यायाम केला. हॉट योगात ही ओळ आणखी थोडी लांब हवी, कारण इथे वर्गाआधीचे दोन तास रिकामं पोट, दिवसभराचं पाणी, टॉवेल आणि कोरडे कपडे असलेली पिशवी, नंतरची अंघोळ आणि जेवण हे सगळं जुळावं लागतं. मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला जायचं ठरलं तर दुपारचं जेवण कधी, पिशवी सकाळीच दाराशी ठेवली का, एवढं लिहिलं की दांडीची बरीच कारणं उगवतच नाहीत.

किती वेळा जावं, याचं एक उत्तर अनपेक्षित ठिकाणी मिळतं. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये मॅरेन नायर आणि सहकाऱ्यांनी नैराश्य असलेल्या ८० प्रौढांवर चाचणी केली, ती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. आठ आठवडे, आठवड्यातून किमान दोनदा, ४०.५ अंशांतला योग असं ठरलं होतं. प्रत्यक्षात माणसं सरासरी १०.३ वर्गांनाच गेली, म्हणजे आठवड्याला एकाहून थोडे जास्त. तरीही योग करणाऱ्यांपैकी ५९ टक्क्यांची लक्षणं निम्म्याने किंवा अधिक उतरली. प्रतीक्षा यादीत ठेवलेल्यांमध्ये हे प्रमाण ६ टक्के होतं. थंड खोलीतला गट इथे नव्हता, त्यामुळे श्रेय उष्णतेचं, आसनांचं, की घराबाहेर पडून चार माणसांत जाण्याचं, हे ही चाचणी सांगू शकत नाही. पण ठरवल्याच्या जेमतेम साठ-पासष्ट टक्के हजेरीवरही इतका गुण आला, ही गोष्ट रोज न जमल्याची खंत बाळगणाऱ्या प्रत्येकाने मनात ठेवावी. आठवड्यातून दोन गरम वर्ग आणि एक साधा, एवढा बेत नोकरी-संसार सांभाळून वर्षानुवर्षं चालतो. रोजचा बेत बहुधा चालत नाही, आणि शरीरालाही दोन गरम दिवसांच्या मध्ये एक मोकळा दिवस मानवतो. सकाळी उठल्याउठल्या नाडी नेहमीपेक्षा आठ-दहाने जास्त लागणं, झोप तुटणं, लघवी गडद होणं, विनाकारण चिडचिड, यांतलं काही सलग दोन-तीन दिवस दिसलं तर तो आठवडा गरम खोलीपासून दूर घालवावा.

काही जणांनी मुळात आत जाऊच नये. गर्भवती स्त्रियांनी तर नाहीच. गर्भाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नलिका गर्भधारणेनंतर चार आठवड्यांत मिटते, पुष्कळदा दिवस गेल्याचं कळण्याआधीच, आणि त्या काळात आईच्या शरीराचं तापमान फार चढणं बाळाला घातक ठरू शकतं. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना गरोदरपणात हॉट योगा टाळायला स्पष्टपणे सांगते. हृदयविकार असलेल्यांनी, लघवी वाढवणारी किंवा रक्तदाबाची औषधं घेणाऱ्यांनी, इन्सुलिनवर असलेल्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय जाऊ नये. लिथियम घेणाऱ्यांनी विशेष जपावं, कारण शरीरातलं पाणी आणि मीठ घटलं की रक्तातली लिथियमची पातळी विषारी होऊ शकते. जुलाब, ताप, आदल्या रात्रीची दारू, यांपैकी काही असेल तर तो दिवस घरी.

पस्तिशीतल्या एका स्त्रीचं हृदय हॉट योगानंतर उष्माघाताने बंद पडल्याची नोंद अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आहे. असं क्वचित घडतं, म्हणूनच शिक्षकांना ओळखता आलं पाहिजे. दमलेला माणूस नीट उत्तर देतो. ज्याचं बोलणं असंबद्ध होतं, जो अडखळतो, आपण कुठे आहोत हे ज्याला सांगता येत नाही, त्याला त्याच क्षणी बाहेर काढून गार पाण्याने भिजवायचं, काखेत, मानेवर आणि जांघेत बर्फ ठेवायचा, पंखा लावायचा आणि १०८ ला फोन करायचा. गार करणं आधी, रुग्णालयात हलवणं नंतर.

खंडानंतर परतणाऱ्यांची चूक मात्र अगदी रोजची. गणपती, मुलांच्या परीक्षा, परदेशी असेल तर गावाकडचा महिनाभराचा मुक्काम, आणि मग एक दिवस पुन्हा वर्ग. आसनं आठवतात, म्हणून शरीरालाही सगळं आठवतंय असं वाटतं. पण उष्णतेचा सराव दोन ते चार आठवड्यांत बराचसा ओसरतो, आणि परत आलेला जुना साधक नवख्यापेक्षा जास्त जोर लावतो. कामावर परतणाऱ्या अनुभवी कामगारांसाठी ‘नायॉश’चं प्रमाण इथे जसंच्या तसं घेता येतं: पहिल्या दिवशी ५० टक्के, दुसऱ्या दिवशी ६०, तिसऱ्या दिवशी ८०, आणि मग पूर्ण. नव्वद मिनिटांच्या वर्गात याचा अर्थ पहिल्या वेळी उभ्याची आसनं करून शवासनापाशी थांबायचं, मॅट गुंडाळायची आणि बाहेर येऊन ताक प्यायचं.